आर्वी फक्त ३५ किलोमीटर

वर्धा नदीवर रेल्वेचा पूल झाला आणि त्या पुलापाशी जे गाव वाढले त्याला लोक पुलगाव म्हणू लागले, असे येथे सांगितले जाते. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळ, बडनेरामार्गे १८६७ साली नागपूरला पोचली. त्या वाटेत वर्धा नदी आडवी येते. सातपुड्यात, बैतूल जिल्ह्यात उगम पावणारी ही नदी येथे दोन जिल्ह्यांची सीमा झाली आहे. पलीकडच्या तीरावर अमरावती जिल्हा, अलीकडे वर्धा जिल्हा आणि देवळी तालुक्यातील हे गाव. आजही मुंबईकडून येणारी गाडी पुलावर चढली, लोखंडाचा खडखडाट सुरू झाला की डब्यातली जाणती माणसे वरच्या बॅगा काढू लागतात.

माणसाला माणसाजवळ आणणाऱ्या एका यंत्राने हे गाव घडवले. म्हणून गेल्या हिवाळ्यात पुलगावला नातेवाइकांकडे सहकुटुंब जाण्याचा योग आला तेव्हा आमच्या घरात वर्षभर चाललेला एक वाद आम्ही बरोबर नेला. मोबाइल, व्हॉट्सअॅप, व्हिडिओ कॉल यांनी आपले रोजचे जगणे सुधारले की बिघडवले? घरातली मुले एका बाजूला, वडीलधारी दुसऱ्या बाजूला आणि आम्ही मधल्या वयाची माणसे दोन्हीकडे माना डोलावणारी. अशा वादात दोन्ही बाजू ओरडून थकतात आणि पुन्हा आपापला फोन हातात घेतात. आपल्या वाचकांच्या घरीही याहून वेगळे चित्र नसावे.

नागपूरहून आम्ही निघालो ते आधी सेवाग्रामला उतरलो. मुलांना आश्रम दाखवायचा होता. गांधीजी १९३६ साली येथे राहायला आले तेव्हा या वस्तीचे नाव शेगाव होते. बुलढाणा जिल्ह्यातल्या प्रसिद्ध शेगावशी त्याची गल्लत होऊ लागली, टपाल भलतीकडे जाऊ लागले, म्हणून १९४० साली गावाला सेवाग्राम हे नाव मिळाले. पत्र योग्य घरी पोचावे यासाठी अख्ख्या गावाने नाव बदलले, हे ऐकून आमच्या मुलांना मोठी गंमत वाटली.

आश्रमात एक जुना टेलिफोन जपून ठेवलेला आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गांधीजींशी थेट बोलता यावे म्हणून तो बसवण्यात आला होता. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, आणि तेथे दिल्लीशी बोलणारे हे यंत्र. आमच्या थोरल्या मुलाने लगेच मुद्दा पकडला. "बघा, गांधीजींनीही फोन ठेवलाच होता की!" त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण याच गांधीजींनी १९०९ साली 'हिंद स्वराज'मध्ये रेल्वेवर कडक टीका केली होती. रेल्वेमुळे रोगराई लवकर पसरते, धान्य गावाबाहेर जाऊन दुष्काळ वाढतात, असा त्यांचा आरोप होता. तरी देश पाहिला तो तिसऱ्या वर्गाच्या डब्यातूनच. शिवाय दर सोमवारी ते मौन पाळत आणि कोणाला काही सांगायचे असेल तर चिठ्ठीवर लिहून देत. साधन वापरायचे, त्याचे दोष तोंडावर सांगायचे आणि आठवड्यातला एक दिवस जिभेलाही सुट्टी द्यायची, अशी ही रीत होती.

वर्ध्याशी आपल्या समाजाचेही एक नाते आहे, ते मुलांना सांगितले. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे शिक्षण परिषद भरली आणि नव्या शिक्षणाची योजना आखण्यासाठी जी समिती नेमली तिचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकीर हुसेन, पुढे भारताचे राष्ट्रपती झाले ते. मुलाने हाताने काम करत शिकावे, सूत कातावे, माती कालवावी आणि त्यातूनच गणित व भाषा यावी, असा त्या योजनेचा गाभा होता. धाकटीने विचारले, "मग तेव्हा ऑनलाइन क्लास नव्हते?" आम्ही हसलो. पण तिच्या या प्रश्नाचा विचार पुढे दोन दिवस मनात घोळत राहिला.

वर्ध्याहून पुलगाव साधारण ३० किलोमीटर. गाडीने अर्धा-पाऊण तास. दोन्ही बाजूंना काळी जमीन, फुटलेला कापूस, मध्ये तुरीच्या ओळी. कापसाच्या जोरावरच या गावात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कापड गिरणी उभी राहिली आणि पुलगाव कॉटन मिल हे नाव विदर्भभर झाले. ती गिरणी आता बंद आहे. आमचे यजमान आमचे खालाजाद भाई, त्यांचे कापडाचे छोटे दुकान. त्यांचे वडील, म्हणजे आमचे खालू, उमेदीची सारी वर्षे त्या गिरणीत साच्यावर उभे होते. आज वय ऐंशीच्या घरात, पण पाठ सरळ.

स्टेशनवर तेच घ्यायला आले होते. घरी जाताना गिरणीच्या बाजूने गेलो तेव्हा म्हणाले, "या भोंग्यावर आमची घड्याळं लागायची. भोंगा वाजला की भाकरी बांधायची, भोंगा वाजला की पोरांनी शाळेत पळायचं. भोंगा बंद झाला त्या दिवशी गाव बहिरं झाल्यासारखं वाटलं."

आम्ही विचारले, "खालू, भोंग्याचा जाच नाही व्हायचा?"

"व्हायचा ना. मिनिटभर उशीर झाला तर पगार कापायचे. पण तो भोंगा सगळ्यांसाठी एकदम वाजायचा. आता प्रत्येकाच्या खिशात वेगळा वाजतो."

घरी भाभींनी ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि गोश्ताचा रस्सा केला होता. जेवताना दस्तरखानाच्या एका कोपऱ्यात पाण्याच्या तांब्याला टेकवून फोन उभा केलेला होता आणि त्यात कतारमध्ये काम करणारा त्यांचा मुलगा दिसत होता. तिकडे त्याची जेवणाची वेळ झाली नव्हती, तरी तो बसून राहिला. आईने घास घेतला की विचारायचा, "मीठ बरोबर आहे ना?" हे रोजचे आहे, असे भाभी म्हणाल्या. त्यांच्या सासूबाईंच्या काळी खालूंचे धाकटे भाऊ सौदीला होते. पत्राला महिना लागायचा. पुढे चौकात पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले. तेव्हा रात्री स्वस्त दराच्या वेळेत रांग लावायची, समोरच्या मशीनवर रुपयांचा आकडा पळताना पाहायचा आणि जे सांगायचे ते विसरून "तब्येत बरी आहे ना" एवढेच बोलून परत यायचे. भाभी म्हणाल्या, "माझ्या सासूला मुलाचा चेहरा चार वर्षं दिसला नव्हता. मला रोज दिसतो. कोणी या फोनला वाईट म्हणालं तर मी ऐकून नाही घेत."

यावर कोण काय बोलणार? त्यांची मुलगी बारावीला आहे. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी मोबाइलवर धडे पाहून करते. शहरातल्या महागड्या क्लासला पाठवण्याइतकी ऐपत नाही आणि एकटीला ठेवण्याची हिंमत नाही, अशा घरातली ही मुलगी. शिष्यवृत्तीचा अर्ज तिने स्वतः भरला. शेजारच्या दोघींचेही तिनेच भरून दिले. गल्लीतल्या एक बेवा बाजी शिवलेल्या कपड्यांचे फोटो पाठवून वर्ध्यापर्यंतची गिऱ्हाइके मिळवतात. उंबरठ्याआडच्या बायकांना या यंत्राने जी वाट दिली ती आधी कोणी दिली नव्हती, हे कबूल केलेच पाहिजे. फोन बिघडवतो असे सरसकट म्हणणाऱ्यांनी आधी या तिघींना विचारावे.

रात्री गोष्ट निघाली ती २०१६ च्या आगीची. पुलगावची आणखी एक ओळख म्हणजे लष्कराचा मध्यवर्ती दारूगोळा साठा. सुमारे ७ हजार एकरांवर पसरलेला हा देशातला सर्वांत मोठा साठा मानला जातो. ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर तेथे आग लागली आणि स्फोट होऊ लागले. त्या दिवशी २ अधिकाऱ्यांसह १६ जणांच्या मृत्यूची बातमी आली, पुढे हा आकडा वाढला. मरणारांत आग विझवायला धावलेले कितीतरी जण होते. आसपासच्या गावांतील माणसांना रात्रीतच घरे सोडावी लागली. पुढे २० नोव्हेंबर २०१८ रोजी जवळच्या सोनेगाव आबाजी शिवारात जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला, त्यातही ६ जण गेले. पोटासाठी रोजंदारीवर गेलेले मजूर त्यांत होते. अशा गावात आवाज झाला की आजही माणूस आधी आभाळाकडे पाहतो.

भाईजान सांगू लागले, "आधी वाटलं वीज पडली. मग खिडक्या थरथरायला लागल्या. आभाळ लाल. आम्ही सगळे अंगणात. आणि फोन वाजायला लागले. दहा मिनिटांत किती आले, मोजले नाहीत. आर्वीहून फूफीच्या मुलाचा आला, म्हणाला, 'कुठे आहात? जीप काढतोय, निघतोच.' देवळीहून दुकानातल्या जुन्या भागीदाराचा आला, ते पाटील आहेत. म्हणाले, 'बायकापोरांना आमच्याकडे पाठवा, वाडा मोकळा आहे.' आणि तेवढ्यातच दुसरे फोन. 'व्हिडिओ काढलास का? पाठव ना.' एकाने तर विचारलं, 'पुलगाव पूर्ण उडालं म्हणतात, खरं का?' अरे, उडालं असतं तर तुझा फोन कोणी उचलला असता?"

सगळे हसले, पण भाईजान हसले नाहीत. म्हणाले, "तेच यंत्र, तीच वेळ. एक जण विचारतो, येऊ का? दुसरा विचारतो, दाखव ना. त्या रात्रीपासून मला माणसं कळली."

आम्ही अंथरुणावर पडल्यावरही हे दोन प्रश्न डोक्यात फिरत राहिले. 'येऊ का' आणि 'दाखव ना'. वर्षभर घरात आम्ही फोनवर वाद घालत होतो, तो बहुधा या दोन प्रश्नांवर घालायला हवा होता.

त्या आगीनंतर तीनच महिन्यांनी, ५ सप्टेंबर २०१६ रोजी, जिओची सेवा सुरू झाली. डेटा स्वस्त झाला आणि खेड्यापाड्यांतल्या हातांत इंटरनेट आले. त्याबरोबर 'दाखव ना' म्हणणारेही वाढले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे काय घडले ते महाराष्ट्र विसरलेला नाही. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तेथे आले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे खोटे संदेश त्या दिवसांत मोबाइलवरून फिरत होते. जमावाने त्या पाचही जणांना ठेचून मारले. देशभर अशा घटना घडत होत्या. त्यानंतर व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि २०१९ मध्ये ती जगभर लागू केली. कंपनीला जे पाचावर थांबवावे लागले ते माणसांनी एकावरही थांबवले नव्हते.

आपल्या समाजाने हे दुखणे दुसऱ्या बाजूनेही भोगले आहे. २०२० च्या वसंतात कोरोना आला आणि रोगाचे नाव व तबलीगी जमातचे नाव जोडणारे संदेश घरोघर पोचले. कित्येक गल्ल्यांत भाजीवाल्याला आधी नाव विचारले जाऊ लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी जमाती सदस्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवले गेल्याची शक्यता नोंदवली. निकाल आला तेव्हा तो वाचणारे थोडे होते, आधीचा संदेश मात्र सगळ्यांनी वाचला होता.

पण येथे स्वतःच्या घराकडेही पाहिले पाहिजे. खालू म्हणाले ते आम्हांला पटले. आपल्याविरुद्धची खोटी बातमी आली की आपण पुरावा मागतो. दुसऱ्याविरुद्धची आली की लगेच पुढे ढकलतो. सूरह हुजुरातमध्ये अल्लाहने ईमानवाल्यांना बजावले आहे की अविश्वासू माणसाने खबर आणली तर आधी शहानिशा करा, नाहीतर नकळत कोणाला इजा कराल आणि मागाहून पस्तावाल. हा हुकूम खबर कोणाविरुद्ध आहे हे पाहून बदलत नाही. ऐकलेली प्रत्येक गोष्ट पुढे सांगत सुटणे माणसाला खोटा ठरवायला पुरेसे आहे, अशा आशयाची हदीसही आपण लहानपणी मक्तबमध्ये ऐकलेली असते. 'फॉरवर्ड' हा शब्द तेव्हा नव्हता, पण हदीस त्यालाच लागू पडते.

दुसऱ्या दिवशी जुमा होता. नमाजनंतर मशिदीबाहेर चहाच्या टपरीवर जुने लोक जमतात. तेथे विषय निघाला जनाजाचा. पूर्वी मोहल्ल्यात कोणी गेले की एक माणूस सायकलवर घरोघर जाऊन सांगायचा. मशिदीतून एलान व्हायचे. अर्ध्या तासात निम्मा मोहल्ला दारात. आता ग्रुपवर खबर येते. मिनिटात दोनशे जणांना कळते, नागपूर, पुणे, जेद्दाह सगळीकडे. इन्ना लिल्लाहि... लिहिलेल्या ओळींवर ओळी पडत जातात. एक बुजुर्ग म्हणाले, "खबर वेगानं जाते हे चांगलंच. बाहेरगावच्या मुलाला वेळेवर पोचता येतं. पण लिहिलं की वाटतं, आपलं काम झालं. मागच्या पावसाळ्यात एका जनाजाला खांदा बदलायला माणसं शोधावी लागली. ग्रुपवर तर सगळ्यांनी लिहिलं होतं."

एका मुसलमानाचे दुसऱ्यावर पाच हक्क आहेत, हे आपण सगळे जाणतो. सलामला जवाब देणे, आजाऱ्याला भेटायला जाणे, जनाजाबरोबर चालणे, दावत स्वीकारणे आणि शिंकणाऱ्यासाठी दुआ करणे. टपरीवर बसल्या बसल्या आम्ही हे बोटांवर मोजले. सलामचा जवाब फोनवर देता येईल. शिंकणाऱ्याला फोनवर दुआ देता येईल. उरलेले तीन? इयादतला पाय लागतात, जनाजाला पाय आणि खांदा लागतो, दावतीला जाऊन बसावे लागते. पाचांपैकी तीन हक्क चालत गेल्याशिवाय अदा होत नाहीत. आमच्या मुलाला आम्ही विचारले, "आता सांग, फोन चांगला की वाईट?" तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "फोन पाहून आपण उठलो तर चांगला. फोन पाहून बसून राहिलो तर वाईट." बापाने याहून चांगले काय सांगितले असते?

आणि मग आर्वीची गोष्ट आली.

आर्वीला खालूंच्या थोरल्या बहीण राहतात, सगळ्यांच्या बडी फूफी. वय ८३. सहा महिन्यांपूर्वी पडल्या, कंबरेचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. तेव्हा सगळे खानदान दवाखान्यात जाऊन आले. घरी आल्यावर मात्र भेट व्हिडिओ कॉलवर होऊ लागली. 'खानदान' नावाच्या ग्रुपवर ६४ माणसे आहेत. रोज सकाळी फूफींच्या नातीने लिहायचे, "दादी ठीक आहे," आणि खाली हात जोडलेली, फुलांची चित्रे पडायची. आम्हीही त्या ६४ मध्ये आहोत.

पुलगाव ते आर्वी सुमारे ३५ किलोमीटर. या दोन गावांमध्ये १९१७ पासून नॅरोगेजची छोटी गाडी धावत असे. ही लाइन सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, मूर्तिजापूर-यवतमाळच्या शकुंतलेची बहीणच म्हणा. कापूस वाहून आणायला घातलेली ही लाइन माणसांनाही आणू लागली. गाडी इतकी धिमी की पोरे उतरून पुन्हा चढायची, असे खालू सांगतात. सुट्टी लागली की ते या गाडीने बहिणीकडे जात. जायला अर्धा दिवस, यायला अर्धा दिवस. आता ती गाडी बरीच वर्षे बंद आहे. लाइन रुंद व्हावी अशी मागणी होत राहिली. रस्ता मात्र सुधारला आहे, एसटी आहे, खासगी गाड्या आहेत. तासाभराचे काम.

आम्ही विचारले, "खालू, शेवटचे कधी गेलात?"

खालू उत्तर शोधू लागले. मग म्हणाले, "दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा. पण रोज बोलतो मी तिच्याशी. रोज दिसते."

शनिवारी सकाळी आम्ही, खालू आणि भाईजान एसटीने आर्वीला निघालो. विरूळ मागे पडले, रोहणा आले. बाजारच्या दिवसासारखी गर्दी, कापसाचे गाठोडे घेतलेली माणसे, शाळेची मुले. खालू खिडकीतून दाखवत होते, "इथून जायची आमची गाडी." आर्वी हे जुने गाव, हजरत तेलंगराव यांच्या दर्ग्यासाठी ओळखले जाते. तेथे हिंदू आणि मुसलमान दोघेही श्रद्धेने जातात. दर्ग्यावर फातेहा पढून आम्ही फूफींच्या घरी गेलो.

फूफी खाटेवर बसल्या होत्या. भावाला पाहून रडल्या, मग रागावल्या, मग चहा टाकायला सांगितले. त्यांचा मुलगा जीप चालवतो, सून जवळच्या शाळेत पोषण आहार शिजवते, नात कॉलेजात जाते. सगळी कष्टाची माणसे आहेत, म्हातारीची आबाळ कोणी केलेली नाही. पण तेथे बसल्यावर दहा मिनिटांत आम्हांला जे दिसले ते सहा महिने फोनमध्ये दिसले नव्हते. फूफींना फोन नीट धरता येत नाही. कॉल लागला की त्या तो कानाजवळ नेतात. समोरच्याला कपाळ आणि ओढणीची कड तेवढी दिसते. त्यांच्या चष्म्याची एक काडी तुटली होती आणि डाव्या काचेला तडा होता. दोरा बांधून त्या तो लावत. डोके दुखते म्हणून लावणेही सोडले होते. उशाशी मोठ्या अक्षरांचे कुरआन शरीफ जुजदानात बांधून ठेवलेले.

खालूंनी विचारले, "आपा, तिलावत?"

"दोन महिने झाले. अक्षर दिसत नाही. पाठ आहे तेवढं पढते."

"मला सांगितलं का नाहीस? रोज तर बोलतो आपण."

फूफी म्हणाल्या, "तू विचारतोस, कशी आहेस? मी म्हणते, अल्हमदुलिल्लाह. मग तू म्हणतोस, बरं, ठेवतो."

खालू काही बोलले नाहीत. उठले, चष्मा रुमालात गुंडाळला आणि भाईजानला घेऊन बाजारात गेले. जुन्या चष्म्याचा नंबर काढून दुकानदाराने संध्याकाळपर्यंत नवा तयार करून दिला. तोवर आमच्या बायकोने फूफींचे केस विंचरले, नखे काढली. धाकटीने त्यांच्याकडून जुन्या गाडीच्या गोष्टी ऐकल्या. मगरिबनंतर फूफींनी नवा चष्मा लावला आणि जुजदान सोडले. त्यांचा आवाज हळूहळू चढत गेला. घरात सगळे गप्प बसून होते. कोणाचा तरी फोन थरथरला, कोणी उचलला नाही.

सिला-रहमी, म्हणजे रक्ताचे नाते जोडून ठेवणे, याला आपल्या दीनमध्ये किती मोठे स्थान आहे हे वेगळे सांगायला नको. फोनने नाते तुटू दिले नाही, हे खरेच. कतारमधल्या मुलासाठी दुसरा मार्ग नाही, त्याने रोज आईसमोर बसावे, अल्लाह त्याला सलामत ठेवो. पण ज्यांच्यामध्ये समुद्र नाही, फक्त ३५ किलोमीटर आहेत, त्यांनी स्वतःला कतारला समजू नये. दूरच्यासाठी जी सवलत आहे ती जवळच्यांनी घेतली की घरातच परदेश तयार होतो.

परतीच्या बसमध्ये भाईजानांनी ग्रुपवर एक संदेश लिहिला. तोही मुलाच्या मदतीने, कारण त्यांना मोठे लिहिण्याचा कंटाळा. मजकूर साधा होता. दर पंधरा दिवसांनी रविवारी पुलगाव, वर्धा, धामणगाव येथील एकेका घराने बडी फूफींकडे जायचे. कोण कधी जाणार ते ग्रुपवर लिहायचे. जाऊन आल्यावर फोटो टाकायचा नाही. त्यांना काय हवे आहे तेवढे लिहायचे, म्हणजे पुढचा जाणारा ते घेऊन जाईल. बस पुलगावला पोचेपर्यंत सात घरांनी तारखा लिहिल्या होत्या. ज्या ग्रुपवर इतके दिवस फुलांची चित्रे पडत होती त्याच ग्रुपवर हे घडले, हेही नोंदवायला हवे.

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या फोनमध्ये असा एखादा 'खानदान' ग्रुप असेल. त्यात एखादी बडी फूफी, एखादे आजारी चाचा, एखादी बेवा मामी असेल, जी रोज अल्हमदुलिल्लाह म्हणते आणि आपण "बरं, ठेवतो" म्हणतो. ग्रुप सोडा असे आम्ही म्हणणार नाही. त्यावर या आठवड्यात एक तारीख लिहा, आणि त्या तारखेला जा. जाताना विचारा, चष्मा ठीक आहे ना?

पहिली तारीख खालूंनी घेतली होती. घरचे म्हणाले, तुम्ही आताच जाऊन आलात, पुढची घ्या. खालूंनी ऐकले नाही. आपाने बाजरीचे पीठ मागितले आहे, म्हणाले, आणि गिरणीवर दळायला कोणाला पाठवायचे याची चौकशी करू लागले.